स्मॅश अल्टिमेटमध्ये मेन कसा निवडायचा, आणि हरल्यावर तो लगेच का बदलायचा नाही

निंटेंडो स्विचवरचा फायटिंग गेम सुपर स्मॅश ब्रोज अल्टिमेट डिसेंबर २०१८ मध्ये आला, शेवटचा फायटर सोरा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि आता सिलेक्ट स्क्रीनवर ८९ जण उभे असतात. नवीन माणूस ती गर्दी बघून कुणाला तरी विचारतो की मी कोण खेळू, आणि त्याला ठरलेली दोन उत्तरं मिळतात. एक, टियर लिस्ट (कॅरेक्टरांची ताकदीनुसार लावलेली यादी) बघ आणि वरच्या पाचातला कोणीतरी घे. दोन, जो आवडतो तो खेळ. मला या दोन्हींचा वैताग आलाय. पहिल्या सल्ल्यावर माझं वर्षाहून जास्त वाया गेलं, आणि दुसरा सल्ला देणारे लोक तुम्ही हरायला लागलात की पुढे काय करायचं ते सांगतच नाहीत. मेन, म्हणजे आपला ठरलेला मुख्य कॅरेक्टर, निवडणं तसं आठवड्याभराचं काम आहे. अवघड असतं ते सलग आठ मॅच हरल्यावर त्याच मेनला धरून राहायचं की सोडायचं हे ठरवणं, त्यामुळे मी त्याच्यावरच जास्त लिहिणार आहे, बाकीचं पटापट.

शॉर्ट हॉप (छोटी उडी), डीआय (फटका बसल्यावर स्टिकने उडायची दिशा वळवणं), शील्डमधून (ढालीमागून) ग्रॅब एवढं तुम्हाला येतं असं धरतोय. टॅप जंप (स्टिक वर ढकलली की उडी) बंद करा.

१. सगळे फिरवून बघा

ट्रेनिंग मोडमध्ये प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, त्यात फक्त धावणं, शॉर्ट हॉप घेऊन एक एरियल (हवेतला फटका) मारणं आणि स्टेजबाहेरून परत येणं. सात-आठ जणांवर हात बसतो, ते बाजूला काढा. कॉम्बोचे व्हिडिओ बघून निवडू नका, त्यात समोरचा फक्त मार खात असतो.

२. कुठे उभं राहायला आवडतं ते विचारा

न्यूट्रलमध्ये, म्हणजे दोघांपैकी कुणाचाच हात वर नसताना, तुम्हाला समोरच्यापासून किती लांब बरं वाटतं? माझ्या मते कॅरेक्टर निवडायचा हा एकच कामाचा प्रश्न आहे. लांबून गोळे किंवा लांब हाताचे ठोसे मारत समोरच्याला जवळ येऊ द्यायचं नाही असं वाटत असेल तर सॅमस, मिन मिन. तलवारीच्या अंतरावर बरं वाटत असेल तर क्लाउड, आइक. एकदम अंगावर जायला आवडत असेल तर रॉय, फॉक्स, मारिओ. मार्थ आणि रॉय दिसायला सारखेच तलवारवाले पण खेळायला उलटे, मार्थची ताकद पात्याच्या टोकाला आणि रॉयची मुठीजवळ, त्यामुळे मार्थ खेळणाऱ्याला रॉय दिला की तो सारखा एक पाऊल मागे उभा राहतो आणि त्याचे फटके हलकेच लागतात. लुसिनाच्या पात्यावर ताकद सगळीकडे सारखी, म्हणून नव्या माणसाला सगळे लुसिनाच सांगतात, मलाही सांगितली होती.

वजनही बघा. बाउझर १३५ वर सगळ्यात जड, पिचू ६२ वर सगळ्यात हलका, आणि वर पिचूला स्वतःच्याच विजेच्या फटक्यांनी इजा होते. नवीन असताना चुका भरपूर होतात, मग त्या चुका थोड्या तरी पचवणारा कोणी असला तर शिकायला वेळ मिळतो.

३. दोन महिने कुलूप

एकच कॅरेक्टर, दुसऱ्याला हात नाही. बस.

४. हरायला लागल्यावर

इथे मी अडकलो होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

एमएस करताना मी न्यू जर्सीत होतो, दर आठवड्याला एक छोटी लोकल टूर्नामेंट व्हायची, दोन सेट (एकाच माणसाशी लागोपाठ काही मॅच) हरले की बाहेर. मी लुसिनाने सुरुवात केली, हरलो, मग क्रोम, मग क्लाउड, पॅल्युटेना, वुल्फ, असं करत चौदा महिन्यांत अकरा कॅरेक्टर बदलले आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण तयार असायचं, की हिला किल करायला काही नाही, ह्याची रिकव्हरी (स्टेजवर परत येणं) वाईट, त्याला प्रोजेक्टाइल (लांबून मारायचं काही) नाही. निकाल मात्र तोच, एखादा सेट जिंकायचा आणि घरी. एकदा मी रिप्ले लावून बसलेलो असताना माझा रूममेट, जो आयुष्यात कधी स्मॅश खेळला नाही, जेवता जेवता म्हणाला, "अरे, तू प्रत्येक वेळी तिथून उडीच का मारतोस?"

तिथून म्हणजे लेजवरून, स्टेजच्या कडेवरून. लेजला लटकलं की परत यायचे पाच मार्ग आहेत: सरळ वर चढणं, रोल, चढता चढता अटॅक, उडी, किंवा हात सोडून खाली जाऊन डबल जंपने येणं. माझा डॅमेज ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेला की मी फक्त उडी मारायचो, आणि समोरच्याला हे तिसऱ्यांदा कळलं की तो वर हवेत फटका घेऊन वाटच बघत असायचा. दुसऱ्या दिवशी मी वही काढली, वीस मॅचचे रिप्ले बघितले आणि गेलेला प्रत्येक स्टॉक (म्हणजे जीव) लिहून काढला. तीन कॉलम: किती टक्क्यांवर गेला, कुठे गेला, आणि जायच्या आधी मी काय दाबलं. अठ्ठावन्न स्टॉक भरले, त्यातले तेवीस लेजवरच्या उडीत. लुसिनाबरोबर तसंच, वुल्फबरोबर तसंच, पॅल्युटेनाबरोबर तसंच. मी अकरा कॅरेक्टर बदलले आणि सवय एकही बदलली नाही, हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण चौदा महिने लहान नसतात.

तर करायचं हे. वीस मॅच, तीन कॉलम. मग बघा सगळ्यात मोठा ढीग कसला आहे आणि स्वतःला विचारा, हे दुसऱ्या कॅरेक्टरबरोबरही झालं असतं का? झालं असतं तर कॅरेक्टर बदलायचा नाही, कितीही वाटलं तरी नाही. त्या कॅरेक्टरकडे एखादी गोष्ट मुळातच नाही म्हणून झालं असेल, तर मात्र बदलायला हरकत नाही. माझ्या वहीत असं फक्त क्रोमचं निघालं. क्रोमचा वरचा स्पेशल जवळजवळ सरळ वर जातो, आडवा फार येत नाही, त्यामुळे कुणी खालच्या बाजूने लांब फेकलं की सगळं बरोबर करूनही चाळीस टक्क्यांवर स्टॉक जातो आणि तिसऱ्या कॉलममध्ये लिहायला चूकच सापडत नाही. क्रोम सोडला ते बरोबर केलं. बाकीच्या दहा वेळा मी चुकलो.

तिसरा कॉलम भरताना लोक फसवतात, मीही फसवायचो. "त्याने लकी रीड केलं" (नशिबाने अंदाज बरोबर आला) असं लिहायचं नाही. स्टॉक जायच्या दोन सेकंद आधी रिप्ले थांबवा, आणि तुम्ही काय दाबलं तेवढंच लिहा. आणि हरलात त्याच रात्री हे करू नका, त्या रात्री सगळा दोष कॅरेक्टरचाच दिसतो.

अजून एक, आणि हे कुणीच सांगत नाही म्हणून जोर देऊन सांगतो. नव्या कॅरेक्टरचे पहिले दोन आठवडे खोटे असतात. तुम्ही जास्त लक्ष देऊन खेळता, तुमच्याबरोबर नेहमी खेळणाऱ्यांना तुमचे नवे टायमिंग माहीत नसतात, सात-आठ सेट जिंकता आणि वाटतं की हाच आपला, इतके दिवस उगाच त्या दुसऱ्याला धरून बसलो. तिसऱ्या आठवड्यात समोरचे शिकतात आणि तुम्ही होता तिथेच परत येता. मी याच्यात अकरापैकी नऊ वेळा तरी अडकलो असेन. नव्या कॅरेक्टरचा निर्णय पहिल्या महिन्यात करायचाच नाही.

लेजची सवय मोडायला मी रॉय घेतला (अंगावर जायची खोड तशीही होतीच) आणि स्वतःला नियम घातला की लेजवरून उडी पूर्ण बंद, हरलो तरी चालेल. तीन आठवडे आधीपेक्षा जास्त हरलो, एकदा तर सलग तीन लोकलला पहिल्या दोन सेटमध्येच बाहेर गेलो. पण रोल आणि सरळ चढणं हातात बसलं, मग उडी परत चालू केली, आणि आता ती कुणाला अपेक्षितच नसायची. दोन महिन्यांनी पहिल्यांदा टॉप ८ ला बसलो. तुमचा ढीग लेजचा नसेल, कुणाचा शील्डमधून घाईने मारायचा असतो, कुणाचा स्टेजकडे परत येताना डबल जंप लगेच खर्च करायचा, पण तोडायची पद्धत हीच: ती एक गोष्ट काही दिवस पूर्ण बंद.

५. दुसरा कॅरेक्टर

एकच ठेवा, आणि एकाच कारणासाठी. मेलीत (स्मॅशच्या जुन्या गेममध्ये) आर्माडा हा खेळाडू पीच खेळायचा, पण हंग्रीबॉक्स या दुसऱ्या खेळाडूच्या जिगलीपफसमोर पीचला फार त्रास व्हायचा म्हणून त्याने आधी यंग लिंक काढला आणि पुढे फॉक्स. नेमका त्रास होता, त्यावर नेमकं औषध. "मला तीन-चार येतात" म्हणणाऱ्या माणसाला माझ्या अनुभवात एकही नीट येत नाही.

इथे लोक अल्टिमेटचा वरचा खेळाडू एम्केलिओ याचं नाव काढतात. २०१९ च्या जेनेसिस टूर्नामेंटला तो आइक आणि लुसिना खेळून जिंकला, एप्रिलमध्ये गेममध्ये जोकर हा नवा फायटर आला आणि ऑगस्टमध्ये त्याच जोकरने त्याने इव्हो ही मोठी टूर्नामेंट जिंकली, नंतर बायलेथही खेळला, मग आपण का नको? कारण त्याच्या वहीत तेवीस स्टॉकचा ढीग नाही. अंतर, वेळ, समोरचा काय करणार याचा अंदाज हे सगळं तो कुठल्याही कॅरेक्टरमध्ये बरोबर घेऊन जातो. आपण बरोबर घेऊन जातो ती लेजवरची उडी.

६. टियर लिस्ट, आणि स्टीव्हचा प्रश्न

टियर लिस्ट खोटी नसते, फक्त ती अशा हातांसाठी बनते जे साठ फ्रेमच्या सेकंदात तीन-चार फ्रेमचा फरक पकडतात. तुमच्या लोकलला गॅननडॉर्फ तुम्हाला हरवत असेल तर गॅननडॉर्फ खालच्या टियरचा आहे याचा काही उपयोग नाही, त्याच्याशी कसं खेळायचं ते शिका. उलट्या बाजूचंही सांगतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्सा या खेळाडूने योशीवर द बिग हाउस १० ही मेलीची टूर्नामेंट जिंकली, मेली येऊन वीस वर्षं होऊन गेल्यावर, आणि मला ते बघून रडू आलं होतं, पण ते "कुठलाही कॅरेक्टर चालतो" याचा पुरावा नाही. त्यामागे एका माणसाची एकाच कॅरेक्टरवरची दहा वर्षांहून जास्त मेहनत आहे. तेवढी द्यायची तयारी असेल तर खालच्या टियरचा जरूर घ्या, नाहीतर मधला कोणीतरी घ्या आणि खेळायला लागा.

माइनक्राफ्टमधून आलेल्या स्टीव्हबद्दल मला सारखं विचारतात. २०२३ मध्ये काही टूर्नामेंटनी त्याच्यावर बंदी घातली. माझं मत स्पष्ट आहे: जगातल्या वरच्या खेळाडूंच्या पातळीवर हा वाद खरा आहे, कारण ब्लॉक लावून तो स्टेजच आपल्या सोयीचं करून घेतो आणि समोरच्याला न्यूट्रल खेळायलाच मिळत नाही. २०१८ च्या इव्होला स्मॅश ४ च्या (अल्टिमेटच्या आधीच्या गेमच्या) फायनलमध्ये दोन्हीकडून बेयोनेटा हीच फायटर होती आणि हॉलमधले लोक हुर्यो करत होते, एक कॅरेक्टर सगळ्यांच्या वर गेला की खेळाचं काय होतं ते तिथे दिसलं. पण तुमच्या लोकलच्या स्टीव्हकडून तुम्ही हरता ते बहुतेक वेळा तुम्ही त्याला खाणकाम करायला निवांत वेळ देता म्हणून. त्याला सामान गोळा करू देऊ नका, आधी तेवढंच शिका, मग बंदीवर बोलू. "चीप" हा शब्द वहीच्या कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही. आणि नर्फची (ताकद कमी करणाऱ्या बदलाची) वाट बघू नका, बॅलन्सचा शेवटचा पॅच २०२१ च्या अखेरीस आला, त्यानंतर कुणाची ताकद बदललेली नाही.

७. ऑनलाइनचं वेगळं मोजा

आता मी पुण्यात आहे, स्विच इथे ग्रे मार्केटमधून घ्यावा लागला आणि बहुतेक मॅच ऑनलाइनच होतात. अल्टिमेटच्या ऑनलाइनमध्ये कनेक्शन खराब झालं की तुमचं बटण उशिरा लागतं, त्यामुळे बघून उत्तर द्यायला वेळ उरत नाही आणि लांब तलवार किंवा गोळे मारणारा प्रत्येक कॅरेक्टर आहे त्यापेक्षा भारी वाटतो. लॅन केबल लावा, वायफायवर खेळू नका. जीएसपीचा (ऑनलाइन रँकिंगचा) आकडा घसरला म्हणून मेन सोडू नका, आणि वहीत ऑनलाइन मॅचचं पान वेगळं ठेवा, कारण माझ्या ऑनलाइन पानावर सगळ्यात मोठा ढीग उशिरा उठलेल्या शील्डचा आहे आणि समोरासमोरच्या पानावर तो ढीगच नाही.