चॅनेलमध्ये डीएनए ताणताय? या चुका टाळा

लॅम्डा डीएनए (लॅम्डा नावाच्या विषाणूचा डीएनए) चॅनेलमध्ये, म्हणजे चिपवरच्या अगदी बारीक नळीत सोडला आणि स्क्रीनवर लांब दोऱ्यांऐवजी नुसते ठिपके दिसले की सगळ्यांचा पहिला संशय मायक्रोस्कोपवर, मग कॅमेऱ्याचा गेन (संवेदनशीलता) वाढव, लेझर वाढव असं सुरू होतं. आधी पिपेट बघा. ताणलेला लॅम्डा साधारण 16.5 मायक्रॉन लांब आणि फक्त 2 नॅनोमीटर जाड, त्यामुळे बारीक टिपमधून फटकन ओढला किंवा व्होर्टेक्सवर (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) धरला की चॅनेलपर्यंत पोचायच्या आधीच तुकडे होऊ शकतात. टिपचं टोक कापून भोक मोठं करा, हळू ओढा, मिसळायला ट्यूब हातानं उलटीसुलटी करा. टी4 (दुसऱ्या एका विषाणूचा डीएनए) असेल तर अजून जपा, तो लॅम्डाच्या तिपटीहून लांब असतो.

उलटंही होतं, रेणू फारच लांब दिसतो. लॅम्डाच्या दोन्ही टोकांना 12 बेसचे (बेस म्हणजे डीएनएची अक्षरं) चिकट शेंडे असतात, ते एकमेकांना धरतात आणि माळ तयार होते; 65 अंशाला 10 मिनिटं ठेवून लगेच बर्फात घाला. शिवाय योयो-1 डाय (डीएनए चमकून दिसावा म्हणून घालायचा रंग) बेसच्या मध्ये घुसून बसतो, भरपूर घातला तर लांबी 21-22 मायक्रॉनवर जाते, मग 16.5 धरून केलेला हिशोब चुकणारच. डाय घातल्या घातल्या बघू नका, काही रेणू झगझगीत काही फिके येतात, 50 अंशाला अंधारात दोनेक तास राहू द्या.

आता मला सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट. एक टोक काचेला बांधलेलं, फ्लोमध्ये रेणू छान सरळ ताणलाय, आणि बघता बघता मधूनच तुटतो, सुटलेला तुकडा गोळा होऊन वाहून जातो, उरलेला आखूड शेपटीसारखा हलत राहतो. हे फ्लोमुळे झालं असं वाटतं पण बहुतेकदा कारण प्रकाश असतो, उजेडात डायजवळ ऑक्सिजनची रॅडिकल्स (फार क्रियाशील कण) तयार होतात आणि तीच डीएनए कापतात. म्हणून रॅडिकल्स टिपणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला (वास भयंकर, फ्युम हूडमध्येच), ऑक्सिजन काढून टाकणारी एन्झाइम्स, ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज घाला, लेझर कमी ठेवा, रेकॉर्ड करत नसाल तेव्हा शटर बंद. पण ग्लुकोज ऑक्सिडेज काम करताना आम्ल तयार करतं, पीएच घसरतो, आणि पीएच साडेपाचच्या आसपास आला की डीएनएची टोकं भिंतीला चिकटायला लागतात. सकाळी चांगला चाललेला चॅनेल दुपारी चिकटायला लागला तर नवीन चॅनेल बनवायच्या आधी हे मिक्स ताजं करा, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) दमदार ठेवा. पीडीएमएसमधून (चॅनेल बनवायचं रबरासारखं सिलिकॉन) हवा आरपार जाते, त्यामुळे बाहेरचा ऑक्सिजन आत येतच राहतो हेही धरून चाला.

बुडबुडे: फ्रीजमधला गार बफर थेट भरू नका, गरम होताना त्यातली हवा बाहेर पडते. ट्यूब जोडताना थेंबाला थेंब लावून जोडा.

इलेक्ट्रिक फील्ड लावलं आणि डीएनए प्लसऐवजी मायनसकडे निघाला तर वायरी बदलत बसू नका, काचेच्या भिंतीमुळे बफरच मायनसकडे वाहतोय आणि डीएनएला सोबत नेतोय, भिंतीवर पॉलिमरचं कोटिंग करा.

आणि पंप बंद केला तरी रेणू सरकतच राहिले तर दोन्ही बाजूंच्या द्रवाची पातळी बघा. 1 मिलिमीटर फरक म्हणजे जवळपास 10 पास्कल, रेणू सरकत राहायला तेवढं पुरतं. पातळी सारखी करा, ट्यूबिंगमधलं प्रेशर उतरायला थोडा वेळ द्या, मगच रेकॉर्डिंग सुरू करा.