फलप्रामाण्यवाद संशोधनात कसा वापरायचा

फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम) म्हणजे कल्पनेचा अर्थ तिच्या प्रत्यक्ष परिणामांवरून ठरवणारा विचार. स्त्री-अभ्यासाच्या विद्यार्थ्यांना मी आधी या विचाराचा अमेरिकी प्रवर्तक चार्ल्स पर्सची 1878 सालची कसोटी लावायला सांगते: ही कल्पना मानली, तर प्रत्यक्षात काय फरक पडेल? 'काम' हीच कल्पना घ्या. 'तुम्ही काम करता का?' असं विचारलं की बाई म्हणते, 'नाही, घरीच असते,' आणि तक्त्यात शून्य पडतं. त्याऐवजी विचारा, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत? पाणी भरणं, आजारी माणसाला औषध देणं, मुलाचा अभ्यास, सगळं तिच्याच शब्दांत उतरवा. वर्गवारी त्यानंतर.

पुढचं अमेरिकी विचारवंत जेन अ‍ॅडम्सकडून शिका. 1889 मध्ये एलन गेट्स स्टारसोबत तिने शिकागोत हल हाउस हे गरीब स्थलांतरितांच्या वस्तीतलं समाजकेंद्र सुरू केलं आणि ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांच्याच वस्तीत राहिली. 1895 मध्ये तिथल्या रहिवाशांनी परिसरातल्या कुटुंबांचं वेतन आणि मूळ देश दाखवणारे रंगीत नकाशे छापले. फलप्रामाण्यवादी तत्त्वज्ञ जॉन ड्यूईचं तिथे जाणं-येणं होतं. तरी या बायकांची ओळख फार काळ 'समाजसेविका' एवढीच ठेवली गेली, याचा मला राग येतो.

निष्कर्ष ज्यांना प्रश्न विचारलेत त्याच बायकांना वाचून दाखवा. 'असं नसतं हो,' म्हणाल्या तर वर्गवारी बदला, पुन्हा मोजा.