गवत देशी की परदेशी? कणिशक उघडून ओळखण्याची रीत

गवत उंच आणि हिरवंगार दिसलं की परदेशी, बुटकं आणि राठ दिसलं की देशी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो निरुपयोगी आहे. गवत कुठून आलं याची खूण त्याच्या अंगावर कुठेही नसते. अंगावरच्या खुणांवरून जात ठरते आणि जात ठरली की तिचं मूळ क्षेत्र पाहता येतं. हा क्रम उलटा केला की चूक होणारच.

पानाचा फोटो मोबाइलमध्ये टाकून नाव मिळवणंही गवताच्या बाबतीत फारसं उपयोगी नाही. गवताची पानं एकमेकांसारखीच असतात. नाव ठरतं ते तुऱ्यातल्या काही मिलिमीटरच्या कणिशकावरून, म्हणजे तुसांत गुंडाळलेल्या एक किंवा अनेक फुलांच्या छोट्या पुडक्यावरून, आणि ते फोटोत येत नाही.

काय लागतं, कधी जायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन सुया, पांढरा कागद, मिलिमीटरची पट्टी. महाराष्ट्रात सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. जुलैतलं कोवळं, बिनतुऱ्याचं गवत ओळखायच्या फंदात पडू नका. नमुना घेताना अर्धवट पिकलेला तुरा घ्या. फार कोवळा असेल तर तुसं कडक झालेली नसतात, फार पिकला तर निम्मी कणिशकं गळून गेलेली असतात. जमिनीखालचा भागही हवा. हरळीच्या काश्या (जमिनीखालची आडवी खोडं), पॅरा गवताची गाठोगाठी मुळं धरणारी खोडं, नुसत्या ठोंबात वाढणारं गिनी गवत हे फरक मुळापाशीच दिसतात. राखीव वनात किंवा अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उपटायचं नाही.

आधी ते गवत आहे का बघा

खोड बोटांत फिरवा. तीन कडा लागल्या आणि पानं तीन रांगांत असली तर तो लव्हाळ्याचा गोतावळा, गवत नव्हे. गवताचं खोड गोल किंवा किंचित चपटं, गाठी स्पष्ट, पानं दोन रांगांत, आणि पानाचं खोडाभोवतीचं वेष्टण एका बाजूने उभं चिरलेलं.

गाठ आणि जिव्हिका

पान खोडापासून हळूच मागे वाकवा. पातं आणि वेष्टण जिथे जुळतात तिथे आतल्या बाजूला जिव्हिका असते. ती पातळ पापुद्र्याची आहे, नुसत्या केसांची आहे की पापुद्र्यामागे केस आहेत, एवढं लिहून ठेवा. हरळीला केसांची रांग असते. मग गाठीवर केस आहेत का ते पाहा. मारवेलच्या गाठीवर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि पॅरा गवताच्या गाठी दाट केसाळ असतात. या खुणा पुराव्यादाखल ठेवा, निकाल मात्र पुढच्या पायरीवरच लागतो.

कणिशक वाचणं

बहुतेक जण इथेच अडकतात. कारण ठरलेलं आहे: तुसांची मोजणी एकाने चुकते आणि मग पुढचा प्रत्येक निष्कर्ष चुकत जातो.

आधी कशालाही सुई लावू नका. पिकलेला तुरा तळहातावर चोळा आणि काय गळतं, कुठून तुटतं ते बघा. एवढ्यावरूनच गट ठरतो.

अख्खं कणिशक गळालं आणि मागे उघडा देठ राहिला, तर तो वरईचा गट. गळालेल्या तुकड्यात एक टणक, चकचकीत दाण्यासारखा भाग असतो. तो दाणा नसून कडक झालेलं तूस असतं, दाणा त्याच्या आत असतो.

दाणे गळाले पण खालची दोन रिकामी तुसं देठावरच राहिली, तर बहुधा हरळी-नाचणीचा गट.

तुऱ्याच्या फांदीचेच तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्याला दोन कणिशकं असली, एक बिनदेठाचं आणि एक देठाचं, तर तो ज्वारीचा गट. बिनदेठाच्या कणिशकाला बहुतेकदा कुसळ असतं. कुसळी, मारवेल, पवन्या, शेडा, रोशा, कुंदा अशी आपल्या माळरानांची आणि काळ्या रानांची ओळख असलेली गवतं यातच येतात. म्हणून कुणी ‘जोडीची कणिशकं म्हणजे देशी’ असा नियम सांगतं. तो मानू नका. ज्वारी स्वतः याच गटातली आहे आणि ती आफ्रिकेतून आली आहे.

आता मोजणी. कणिशक वाळलेलं असेल तर कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा, नाहीतर सुई लावताच तुसं उडतात. कागदावर आडवं ठेवून तळाकडून एकेक तूस सुटं करा. तळाची रिकामी तुसं म्हणजे ग्लूम, फुलाला झाकणारं तूस म्हणजे लेमा.

वरईच्या गटात चार तुसं ओळीने येतात: खालचं ग्लूम, वरचं ग्लूम, वांझ किंवा नर फुलाचा लेमा, आणि चौथा कडक लेमा. चुका दोन ठिकाणी होतात. पहिलं ग्लूम फार लहान असतं, कधी अर्ध्या मिलिमीटरचा नुसता पापुद्रा, ते नजरेतून सुटतं. आणि तिसरा तुकडा, म्हणजे वांझ फुलाचा लेमा, हुबेहूब दुसऱ्या ग्लूमसारखा दिसतो, त्यामुळे त्यालाच ग्लूम समजलं जातं. यावर उपाय एकच, मोजणी मात्र तळाकडून वर करायची नाही. कडक तुसापासून मागे या: त्याच्या लगेच आधीचा तो वांझ लेमा, त्याआधीचं ते वरचं ग्लूम, आणि त्याच्याही आधी तळाशी काही उरलंय का ते भिंगातून बघा. काही नसेल तर ‘खालचं ग्लूम नाही’ असं लिहा. ही नोंदही महत्त्वाची आहे, कारण पास्पालममध्ये (कोद्र्याच्या वंशात) आणि बागेतल्या रुंद पानांच्या कार्पेट गवतात ते सहसा नसतंच.

ज्वारीच्या गटात चित्र उलटं असतं. तिथे ग्लूम कडक, चामड्यासारखं, आणि आतले लेमा कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ. कुसळ त्या पातळ, आतल्या लेमातून निघतं, बाहेरच्या कडक तुसातून नव्हे. कुसळ ओढून बघितलं की त्याच्याबरोबर पापुद्रा येतो. कुसळ ग्लूमला जोडलेलं लिहिलंत तर कोणत्याही ओळखकिल्लीत, म्हणजे खुणांवरून टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यात, पुढे जाता येणार नाही.

एका कणिशकावर भरवसा ठेवू नका. तुऱ्याच्या मधल्या भागातली किमान पाच उघडा. टोकाची आणि तळाची अनेकदा अर्धवट वाढलेली असतात. कुसळीत तर तळाच्या काही जोड्या बिनकुसळाच्या आणि नरच असतात, कुसळ फक्त वरच्या जोड्यांना. तळाची जोडी पाहून ‘कुसळ नाही’ लिहिणारे खूप.

नेहमी घोळ होणाऱ्या जोड्या

गिनी गवत आणि रानातली पॅनिकम गवतं. दोघांचा तुरा पिंजारलेला. गिनी गवताच्या तुऱ्याच्या सर्वांत खालच्या फांद्या एकाच जागेतून चक्रासारख्या निघतात, कणिशक तीन-साडेतीन मिलिमीटरचं, खालचं ग्लूम त्याच्या साधारण एक तृतीयांश. पण निर्णायक खूण चौथ्या, कडक तुसावर आहे. गिनी गवतात त्यावर आडव्या सुरकुत्या असतात, वरईसारख्या खऱ्या पॅनिकममध्ये ते गुळगुळीत आणि चकचकीत असतं. भिंग तिरप्या उजेडात धरा, सुरकुत्या समोरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. अशा फरकांमुळे गिनी गवत पॅनिकम वंशातून काढून आता मेगाथिर्सस वंशात ठेवलं आहे. मूळ आफ्रिकेचं.

पॅरा गवत. नाल्यांच्या आणि तळ्यांच्या काठावर दाट गालिचा करणारं, जमिनीवर आणि पाण्यावर पसरणारं. मुख्य दांड्यावर आठ-दहा किंवा जास्त मंजिऱ्या, म्हणजे कणिशकं लागलेल्या फांद्या, एकाआड एक. मूळ आफ्रिकेचं. जुन्या नोंदींत ब्रॅकिआरिया, नव्या नोंदींत युरोक्लोआ. दोन्ही नावं शोधली नाहीत तर निम्मी माहिती हातून जाते.

बोटांसारखे तुरे. हरळी, डिजिटारिया, एल्युसिन इंडिका आणि डॅक्टिलोक्टेनियम या चौघांत गल्लत होते ती लांबून पाहिल्यामुळे. हरळीच्या प्रत्येक कणिशकात एकच फूल. नाचणीची रानटी नातलग असलेल्या एल्युसिन इंडिकात एकावर एक अनेक फुलं आणि कणिशक बाजूने चपटं. डॅक्टिलोक्टेनियममध्ये प्रत्येक बोटाचं टोक कणिशकांच्या पुढे उघडं, टोकदार. डिजिटारियात कणिशकं जोडीने, आणि तळव्यावर चोळली तर अख्खी गळतात, म्हणजे तो वरईच्या गटातला. दूर्वा म्हणून देवाला डिजिटारिया वाहिली जात असेल तर मला नवल वाटणार नाही.

दोन बोटांचे तुरे. पास्पालम कॉन्जुगेटम हे अमेरिकेतलं, ओलसर सावलीत आणि बागांत पसरणारं. दोन मंजिऱ्या एकाच बिंदूतून इंग्रजी ‘टी’ अक्षरासारख्या फाकलेल्या, कणिशक चपटं, दीड-दोन मिलिमीटरचं, कडेला रेशमी केसांची झालर. आपल्या कोद्र्याच्या रानटी रूपात मंजिऱ्या वेगवेगळ्या उंचीवरून निघतात आणि झालर नसते. कार्पेट गवत, म्हणजे ॲक्झोनोपस, तेही अमेरिकेचंच. पास्पालमपासून ते वेगळं करायचं तर कडक तुसाची फुगीर पाठ कुठे आहे ते बघा: पास्पालममध्ये मंजिरीच्या दांड्याकडे, ॲक्झोनोपसमध्ये दांड्यापासून उलट दिशेला.

मारवेल आणि बोथ्रिओक्लोआ. ग्लूमवर टाचणीने टोचल्यासारखा खळगा दिसला की बोथ्रिओक्लोआ, असं सांगितलं जातं. अर्धसत्य. बोथ्रिओक्लोआ पर्टुसाला खळगा असतो हे खरं, पण मारवेलच्याच वंशातल्या डायकँथियम फोव्हिओलॅटमलाही असतो. खात्रीची खूण देठाच्या कणिशकाच्या देठात आहे. तो उजेडासमोर धरा. मधोमध अर्धपारदर्शक उभी पट्टी दिसली तर बोथ्रिओक्लोआ, देठ सगळा सारखा अपारदर्शक असला तर मारवेलचा डायकँथियम वंश. दोन्ही आपल्याकडचीच गवतं, पण चराऊ कुरणाची नोंद करणाऱ्याला फरक लागतो.

गुलाबी-रुपेरी तुरे. रस्त्याकडेच्या मुरुमाच्या उतारांवर दिसणारं नाताळ गवत (नाताळ हे इथे दक्षिण आफ्रिकेतल्या एका भागाचं नाव), मेलिनिस रेपेन्स, आफ्रिकेचं. कोवळेपणी तुरा गुलाबी, पिकला की रुपेरी. कास आणि इंपेराटाही पांढरे तुरे काढतात, पण तिथे कणिशकं जोडीने आणि लांब केस मुख्यतः कणिशकाच्या तळातून. नाताळ गवतात केस वरच्या ग्लूमच्या आणि लेमाच्या अंगावर. इंपेराटाचा तुरा शिवाय दाट, दंडगोल.

राठ केसांचे तुरे. पुन्हा तळहाताचीच परीक्षा: कणिशकं गळाली आणि केस दांड्यावर राहिले तर राळ्याचा सेटारिया वंश, केसांसकट सगळं गळालं तर सेन्क्रस. सेटारिया व्हर्टिसिलाटाच्या केसांवरचे काटे उलटे असतात, म्हणून तो तुरा कपड्याला चिकटतो. सेन्क्रसमध्ये अंजन आणि धामण ही नावं जागोजागी अदलाबदल होतात, तेव्हा केस बघा. मऊ, झालरीचे, जवळपास तळापर्यंत सुटे केस म्हणजे सेन्क्रस सिलिआरिस. खाली वाटीसारखे जुळलेले चपटे काटे म्हणजे सेन्क्रस सेटिजेरस.

आता देशी-परदेशी ठरवा

शास्त्रीय नाव हाती आलं की लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या ‘प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर मूळ क्षेत्र पाहा. नाव अडलं तर वाळवलेला नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये आधी विचारून ताडून घ्या.

वहीत ‘देशी/परदेशी’ एवढाच रकाना ठेवू नका, तो खोटं बोलतो. सेन्क्रस सिलिआरिसचं मूळ क्षेत्र आफ्रिकेपासून वायव्य भारतापर्यंत आहे. तो भारतात देशी आहे, ऑस्ट्रेलियात उपद्रवी परदेशी आहे, आणि आपल्या एखाद्या माळावर चाऱ्यासाठी बी टाकून आणलेला असू शकतो. उलट टोकाला ग्लायफोक्लोआ: द्वीपकल्पीय भारताबाहेर न आढळणारा वंश, जांभ्या दगडाच्या सड्यांवर वाढणारा, ग्लूमवर खळगे, सुरकुत्या, काटे यांची नक्षी असलेला. म्हणून तीन रकाने करा: जातीचं मूळ क्षेत्र, या जागी पेरलेलं की आपोआप आलेलं, आणि पसरतंय का. परदेशी म्हणजे उपद्रवी, हेही मनातून काढा. ज्वारी, बाजरी, नाचणी तिन्ही आफ्रिकेच्या.

नमुना ठेवणं आणि फेकणं

वर्तमानपत्रात दाबून ठेवा, पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला, तारीख, ठिकाण आणि ताज्या तुऱ्याचा रंग लगेच लिहा. वाळल्यावर गुलाबी आणि जांभळा रंग उडतो. निघण्यापूर्वी मोजे, बूट आणि पिशवीची शिवण तिथेच झाडा, कारण सेटारियाचे तुरे आणि नाताळ गवताची केसाळ कणिशकं तशीच पुढच्या टेकडीवर जातात. उरलेले परदेशी तुरे कंपोस्टमध्ये टाकू नका. पिशवीत घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात द्या.