फ्रेमच्या रिॲक्शन काढताना: मराठी शाळेतून सिव्हिलला येणाऱ्यांसाठी

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून एसएसएलसी (दहावी) झाल्यावर मी बेळगावात सिव्हिल डिप्लोमाला आलो आणि पुढे डिप्लोमा सीईटी देऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षात दाखल झालो. सुरुवातीच्या काळात माझी अडचण गणिताची नव्हती, शब्दांची होती. फळ्यावर इंग्रजी, मागच्या बाकांवर कन्नड आणि खोलीवर मराठी अशी दिवसाची वाटणी असे, आणि ‘रिॲक्शन’ हा शब्द मला तोवर फक्त औषधाच्या संदर्भात माहीत होता. आता एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करताना आमच्याच भागातली नवी मुले माझ्या शेजारी येऊन बसतात आणि नेमक्या त्याच जागी अडखळतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

रिॲक्शन म्हणजे काय, हे मला वर्गात नव्हे तर भाताच्या पोत्यावरून कळले. खळ्यावरून घरी येताना वडील आणि मी सहा फुटी बांबूला 60 किलोचे पोते अडकवून दोन टोके खांद्यावर घेत असू. वडील पोते मुद्दाम आपल्याकडे सरकवून घेत. त्यांच्या खांद्यापासून ते 2 फुटांवर असले की त्यांच्यावर 40 किलो येई आणि माझ्यावर 20. माझ्या टोकाभोवती मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) घेतली, तर 60 गुणिले 4 भागिले 6 एवढाच हा हिशेब आहे. आधार बांबूला वर ढकलतो ती रिॲक्शन, आणि सगळे तोलून धरल्यावर बांबू हलतही नाही आणि फिरतही नाही, ही अट म्हणजे समतोल. उभ्या दिशेची बेरीज शून्य, आडव्या दिशेची बेरीज शून्य आणि कुठल्याही एका बिंदूभोवती मोमेंटची बेरीज शून्य, या तीन समीकरणांपलीकडे साध्या फ्रेमला, म्हणजे कॉलम आणि बीम जोडून केलेल्या सांगाड्याला, चौथे काही लागत नाही.

समीकरणे सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती आधार ओळखण्यात. रोलर फक्त एकाच दिशेने, म्हणजे ज्या पृष्ठभागावर तो टेकला आहे त्याच्या काटकोनात ढकलतो. हिंज (बिजागरी) उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना धरून ठेवते, पण फिरू देते. फिक्स आधार फिरूही देत नाही, म्हणून तिथे तिसरी अज्ञात राशी, मोमेंट, येते. पुस्तकातली त्रिकोण आणि गोलांची चिन्हे पाहून हे मनात ठसत नसेल, तर एखाद्या उड्डाणपुलाखाली उभे राहून गर्डर (पुलाची आडवी तुळई) आणि पिअर (पुलाचा खांब) यांच्यामधले काळे रबरी पॅड पाहावेत. ते शंभर टक्के रोलर नव्हेत, तरी उन्हाने गर्डर लांबला की त्याला थोडे सरकू देणे हे त्यांचे काम असते. शेडच्या लोखंडी कॉलमखाली बेस प्लेटला मधोमध दोनच बोल्ट असतील, तर डिझाइन करणाऱ्याने तो आधार बहुधा हिंज धरलेला असतो.

आता एक उदाहरण पूर्ण करू. आमच्याकडे जांबोटीच्या बाजूला सपाट जागा मिळणे कठीण, त्यामुळे एक कॉलम खालच्या पातळीवर आणि दुसरा बांधावर, अशी फ्रेम कल्पनेतली वाटत नाही. डावा कॉलम एबी 4 मीटर, वरचा बीम बीसी 6 मीटर, उजवा कॉलम सीडी 3 मीटर. म्हणजे डी हा आधार एपेक्षा 1 मीटर उंचावर आहे. बीमवर दर मीटरला 10 किलोन्यूटन (1 किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोंचे वजन) सारखा लोड आहे आणि बीपाशी डावीकडून उजवीकडे 9 किलोन्यूटनचा आडवा धक्का बसतो आहे.

आधी ए हिंज आणि डी आडव्या पृष्ठभागावरचा रोलर धरू. अज्ञात राशी तीन, समीकरणेही तीन. एभोवती मोमेंट घेतली तर लोडचे 60 गुणिले 3 म्हणजे 180 आणि धक्क्याचे 9 गुणिले 4 म्हणजे 36, असे एकूण 216 होतात; ते 6 मीटरवरच्या डीने पेलायचे, म्हणून डीची उभी रिॲक्शन 36 आणि एची उरलेली 24 किलोन्यूटन. आडवा धक्का रोलर घेऊ शकत नाही, म्हणून एची आडवी रिॲक्शन 9, डावीकडे. डी 1 मीटर उंच आहे हे इथे कुठेही वापरावे लागले नाही, कारण रोलरची रिॲक्शन उभी आहे आणि उभ्या बलाचे मोमेंट त्याच्या उंचीवर अवलंबून नसते.

हीच सवय पुढच्या प्रकारात नडते. आता डीसुद्धा हिंज करा आणि बीमच्या मध्यावर, ई या बिंदूपाशी, तिसरी हिंज द्या. अज्ञात राशी चार झाल्या. चौथे समीकरण मिळते ते ईपाशी मोमेंट शून्य असते यातून, आणि त्यासाठी फ्रेम ईपाशी कापून एकच बाजू विचारात घ्यायची असते. पदवीच्या परीक्षेत अशाच प्रश्नात मी रोलरच्या सवयीने एभोवती मोमेंट मांडले आणि डीची उभी रिॲक्शन 36 लिहून मोकळा झालो. डीला आता आडवी रिॲक्शनही आहे आणि ती एच्या पातळीपासून 1 मीटर वरून जाते, हे ध्यानातच आले नाही. पुढचे सगळे आकडे त्या 36 वर बेतले: डीची आडवी 21, एची आडवी 12, एची उभी 24. शिअर आणि बेंडिंगच्या (कापणाऱ्या आणि वाकवणाऱ्या जोराच्या) आकृत्या पट्टीने रेखीव काढल्या होत्या, आणि गुण जेमतेम पायऱ्यांचे मिळाले.

बरोबर मांडणी अशी: डीची आडवी रिॲक्शन डावीकडे धरली, तर एभोवती 6 गुणिले डीची उभी अधिक 1 गुणिले डीची आडवी बरोबर 216. ईच्या उजव्या भागासाठी 3 गुणिले उभी वजा 3 गुणिले आडवी बरोबर 45, कारण त्या भागावरचा 30 किलोन्यूटन लोड ईपासून 1.5 मीटरवर आहे. दोन्ही सोडवली की डीची उभी 33 आणि आडवी 18 डावीकडे; मग एची उभी 27 आणि आडवी 9, पण या खेपेस उजवीकडे. आडव्या धक्क्याच्या विरुद्ध दिशेलाच रिॲक्शन असणार, हा अंदाज इथे फसतो, कारण तीन हिंजांच्या फ्रेमचे पाय बीमच्या लोडने बाहेर फाकू पाहतात आणि दोन्ही आधार त्यांना आत दाबतात. म्हणून सुरुवातीला दिशा कुठलीही धरा, पण धरलेली दिशा आकृतीत बाणाने दाखवा आणि उत्तर वजा आले तर घाबरून चिन्ह खोडू नका.

ताळा न वापरलेल्या समीकरणाने करावा. इथे ईचा डावा भाग मोकळा होता. माझे चुकीचे आकडे त्यात घातले, तर एका दिशेला 24 गुणिले 3 म्हणजे 72 आणि उलट दिशेला 12 गुणिले 4 अधिक 45 म्हणजे 93 येतात. फरक 21, म्हणजे विसरलेले 21 गुणिले 1 जसेच्या तसे समोर उभे राहते. बरोबर आकड्यांनी दोन्हीकडे 81 येतात. अर्ध्या मिनिटाचे काम होते.

दोन्ही कॉलम तळाशी फिक्स असतील, तर अज्ञात राशी सहा आणि समीकरणे तीनच. तिथे समतोल पुरत नाही. त्यासाठी स्लोप डिफ्लेक्शन किंवा हार्डी क्रॉस यांनी 1930 मध्ये मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्युशन पद्धत अभ्यासक्रमात येतेच, तिच्या तपशिलात इथे शिरत नाही. मात्र यातला एक भेद आमच्या जिल्ह्यात राहून कळायला हवा. खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा, तर बैलहोंगल, सौंदत्तीकडे पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. एखादे फूटिंग (कॉलमखालचा पाया) थोडे खचले तर तीन हिंजांच्या फ्रेमच्या रिॲक्शन जवळजवळ तशाच राहतात, ती फक्त किंचित वाकडी होऊन नव्या जागी बसते. फिक्स फ्रेममध्ये मात्र त्याच खचण्याने रिॲक्शन बदलतात आणि लोड न वाढताही कॉलममध्ये मोमेंट वाढते. म्हणून काळ्या मातीतल्या कामात आधार फिक्स धरण्याआधी ‘तो खरोखर फिक्स राहील का’ असे आमचे साहेब विचारतात, आणि नव्या मुलांना तो प्रश्न उगाच खोड काढल्यासारखा वाटतो.

ऑफिसात हे सगळे स्टाड किंवा ईटॅब्स हे सॉफ्टवेअर करते, मग हाताने कशाला, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. गेल्या पावसाळ्यात एका मुलाने स्टाडमध्ये सेल्फवेटपुढचे वजा चिन्ह गाळले आणि इमारतीचे स्वतःचे वजन आकाशाच्या दिशेला लागले. चित्र सुरेख दिसत होते, एरर एकही नव्हता. रिॲक्शनच्या तक्त्यातल्या उभ्या आकड्यांची बेरीज मी वहीतल्या एकूण लोडशी ताडून पाहिली, तेव्हा ती वजनाच्या दुपटीने कमी निघाली. तेव्हापासून आमच्याकडे ही बेरीज हाताने लिहिल्याशिवाय फूटिंगचे डिझाइन सुरू होत नाही.

शेवटी पत्र्याच्या शेडविषयी, कारण निपाणीकडच्या तंबाखूच्या गोदामांसारखी कामे नव्या माणसाच्या वाट्याला लवकर येतात. 12 मीटर रुंदीचे शेड, फ्रेम 5 मीटर अंतरावर, म्हणजे प्रत्येक कॉलमच्या वाट्याला 30 चौरस मीटर छप्पर. पत्रे, पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि फ्रेम मिळून दर चौरस मीटरला 0.2 किलोन्यूटन धरले तर 6 किलोन्यूटन खाली. आणि आयएस 875 या लोडविषयीच्या भारतीय मानकाच्या 2015 च्या भाग 3 वरून काढलेली वाऱ्याची ओढ समजा 0.8 आली, तर 24 किलोन्यूटन वर. रिॲक्शन 18 किलोन्यूटन, दिशा खाली. आधाराने कॉलमला उचलून धरायचे नसून खाली ओढून धरायचे आहे. काँक्रीटचे वजन घनमीटरला 25 किलोन्यूटन धरले तर नुसत्या बरोबरीसाठीच 0.72 घनमीटर फूटिंग लागते, सुरक्षिततेसाठी त्याहून अधिक. ‘एवढ्या हलक्या शेडला एवढा मोठा खड्डा?’ असे गवंडी साइटवर विचारतातच. त्या वेळी मी वहीचे ते पान उघडून खाली वळवलेला बाण त्यांच्यापुढे धरतो.