कॅनडाचा पीआर रिजेक्ट झालाय? कोर्टात जायच्या आधी या चुका टाळा

मेव्हण्याचा पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, रिजेक्ट झाला त्या रात्री त्याचा फोन आला, "दाजी, गेलं सगळं." दुसऱ्या दिवशी एजंटकडं गेलो तर तो एकदम निवांत, म्हणाला अपील टाकूया, नवीन लेटर लावूया, होतंय काम. त्या एका वाक्यात दोन चुका होत्या हे आम्हाला महिन्यानं कळलं.

पहिली चूक 'अपील' हा शब्दच. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे पॉइंटवर चालणाऱ्या पीआरच्या रस्त्यात, अर्ज नाकारला तर अपील नसतंय. असतो तो ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय नीट घेतला का याची कोर्टाकडनं तपासणी, तो पण कॅनडाच्या फेडरल कोर्टात, आणि तिथंही आधी परवानगी मागायची, तिला लीव्ह म्हणतात, ती मिळाली तरच सुनावणी. लीव्ह नाकारली की त्यावर पुढं अपील नाही, विषय संपला. (कॅनडाबाहेरनं केलेल्या नवऱ्या-बायकोच्या स्पॉन्सरशिपचं वेगळं, तिथं स्पॉन्सर करणारा आधी इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडं जातो, दोन्हीची गल्लत करू नका.) एकानं तर मला सिरियसली विचारलं, आता आपल्या कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय की, तिथं रिट टाकूया का? ऑगस्ट 2025 मध्ये बेंच सुरू झालं त्याचा आनंद मलाही हाय, पण कॅनडाच्या इमिग्रेशन ऑफिसरचा निर्णय तिथनं रद्द होत नाही भावा.

दुसरी चूक म्हणजे 'नवीन लेटर लावूया', आणि ही लई महागात पडते. मेव्हणा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत प्रॉडक्शन इंजिनिअर. त्याचं एक्सपिरियन्स लेटर म्हणजे लेटरहेडवर चार ओळी, अमुक तारखेपासून कामाला आहे, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा, खाली गोल शिक्का. काम नेमकं काय करतो, आठवड्याला किती तास, पगार किती, काहीच नाही. आपल्याकडं शिक्का असला की झालं, तिकडं नेमकं हेच बघतात. रिजेक्ट झाल्यावर मालकांनी दोन पानी झकास लेटर करून दिलं, पण वकिलानं सांगितलं की निर्णय घेताना ऑफिसरसमोर जे नव्हतं ते कोर्ट सहसा बघत नाही. कारण तुम्ही पीआरला लायक आहात का हा प्रश्न कोर्टासमोर नसतोच. समोर असलेल्या कागदांवरनं ऑफिसर या निष्कर्षाला कसा आला, त्याची कारणं पटण्यासारखी आहेत का, एवढंच तपासतात. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या वाविलोव्ह निकालापासून ही कसोटी पक्की झालीय.

म्हणून रिजेक्शन लेटर चारदा वाचा. 'पुरावा अपुरा' असं लिहिलंय की 'कागद खरा वाटत नाही'? अपुरा असेल तर साधारणपणे ऑफिसरवर तुम्हाला विचारायचं बंधन नसतंय, चूक आपलीच. पण कागदाच्या खरेपणावरच शंका असेल आणि उत्तर द्यायची संधी न देता नाकारलं असेल तर केसमध्ये दम आहे. दिलेला कागद ऑफिसरनं बघितलाच नाही, त्याबद्दल एक शब्द नाही, तरीही दम आहे.

आता कोर्टात अर्ज टाकायची मुदत. निर्णय कॅनडाबाहेर झाला तर 60 दिवस, कॅनडात झाला तर 15. गंमत अशी की तुम्ही राजारामपुरीत बसलेला असला तरी फाईल कॅनडातल्या ऑफिसात बघितलेली असू शकते, त्यामुळं 15 धरूनच पळा. आमचं रिजेक्शन लेटर एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून होतं, त्याला कळलं म्हणजे आपल्याला कळलं असंच धरायचं. मुदतवाढ मागता येते पण तिला खास कारण लागतं, एजंट गावाला गेलता हे कारण देऊन बघू नका.

ऑफिसरच्या नोंदी, ज्याला जीसीएमएस नोट्स म्हणतात, त्या मागवा, 2022 पासनं इथनं स्वतःच्या नावानंही मागता येतात. पण त्या येईपर्यंत मुदत थांबत नाही, कोर्टातला अर्ज आधी टाका.

एजंट म्हणला मी कोर्टाचं बघतो, तर उठा. लायसन्सवाला इमिग्रेशन कन्सल्टंटसुद्धा फेडरल कोर्टात उभा राहू शकत नाही, वकील लागतो, नाहीतर स्वतः. कोर्ट फी 50 कॅनेडियन डॉलर, खरा खर्च वकिलाचा, आणि जिंकला तरी तो सहसा परत मिळत नाही.

जिंकणं म्हणजे तरी काय, पीआर मिळत नाही. फाईल परत जाते, दुसरा ऑफिसर बघतो, तो परत नाकारू शकतो. मग आमच्यासारखी केस, जिथं लेटरच कच्चं होतं, तिथं नवीन अर्ज बरा, फक्त तिशीनंतर वयाचे पॉइंट दरवर्षी उतरतात हे डोक्यात ठेवा. पण चुकीची माहिती दिली असा ठपका असेल तर 5 वर्षं बंदी असते, तिथं नवीन अर्जाचा उपयोग नाही, कोर्टातच जावं लागतं.

आम्ही नवीन प्रोफाईल केली. फॉर्ममध्ये पूर्वी कधी नाकारलंय का असा प्रश्न येतो, तिथं मेव्हण्याचं बोट 'नाही' वर चाललं होतं, हात धरून 'हो' वर नेला.