ठाणे-नवी मुंबईचा उकाडा: पारा नंतर बघा, आधी घाम सुकतोय का ते बघा

दर एप्रिलला फॅमिली ग्रुपवर हे ठरलेलंच. नागपूरचे काका ४४ चा स्क्रीनशॉट टाकतात, अकोल्याची मावशी ४५ चा, पुण्याची वहिनी लिहिते आमच्याकडे पण ४० झालं पण संध्याकाळी गच्चीत बरं वाटतं, आणि ठाण्यातल्या कोणी ३५ लिहिलं की सगळे म्हणतात, एवढंच ना? एवढंच नाही हो. इथे ३५ ला जीव नकोसा होतो हे अगदी खरं आहे आणि त्याला कारण आहे, ते एकदा डोक्यात बसलं की कूलर घ्यायचा का, खिडकी कधी उघडायची, काय प्यायचं हे सगळं सुटत जातं, म्हणून आधी तेच सांगते.

घाम आल्याने गार वाटत नाही, घाम सुकल्याने वाटतं. विदर्भात हवा कोरडी, घाम आलेला कळायच्या आत उडून जातो (म्हणूनच तिथे अंगातलं पाणी कधी कमी झालं ते समजत नाही आणि ऊन लागतं, त्यांचा त्रास कमी आहे असं अजिबात म्हणत नाहीये). आपल्याकडे एका बाजूला खाडी, पलीकडे समुद्र, हवेत आधीच इतकी वाफ की घाम अंगावरच बसून राहतो, शर्ट पाठीला चिकटतो आणि शरीर आणखी घाम काढत राहतं, त्याचा उपयोग मात्र होत नाही. हीट इंडेक्सच्या तक्त्यात ३५ डिग्री आणि ६० टक्के आर्द्रता असली की अंगाला जाणवणारं तापमान ४५ च्या आसपास जातं. हवामान खातं पण हा फरक मानतं, सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान निदान ४० लागतं, किनारपट्टीला ३७ पुरतं, अट एवढीच की ते नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीने तरी जास्त पाहिजे. तेव्हा काकांना उत्तर द्यायचं तर हेच द्या.

आता रोज सकाळी मोबाईलमध्ये काय बघायचं? नुसतं तापमान बघू नका, दवबिंदू बघा (हवेत वाफ किती आहे ते सांगणारा आकडा), बऱ्याच वेदर ॲपमध्ये खाली ड्यू पॉइंट म्हणून लिहिलेला असतो. तो २० च्या खाली असेल तर ऊन कितीही असो सावलीत आणि पंख्याखाली बरं वाटेल, २४-२५ च्या वर गेला की दिवसभर चिकचिक होणार हे धरून चाला. आणि बातम्यांत मुंबईचं म्हणून जे तापमान सांगतात ते कुलाबा आणि सांताक्रूझचं असतं, आपण समुद्रापासून आणखी आत आहोत, दुपारी आपल्याकडे त्याहून जास्तच असायची शक्यता. उलट कोणी व्हॉट्सॲपवर भलताच मोठा आकडा फिरवला तर लगेच पुढे पाठवू नका, मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ नोंदलं गेलं आणि देशभर गाजलं, नंतर हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सर ३ डिग्री जास्त दाखवत होता.

आपला उन्हाळा एक नाही, दोन आहेत, आणि दोन्हींचे उपाय वेगळे. मार्चमध्ये वारा पूर्वेकडून, जमिनीवरून येतो, कोरडा आणि तापलेला, समुद्रावरचा वारा दुपार झाली तरी पोचत नाही आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ ला ४१.७ नोंदलं गेलं होतं, म्हणजे मे ची वाट बघायची गरजच नाही. मुंबईला समुद्रवारा आधी लागतो, ठाण्याच्या आणि समुद्राच्या मध्ये येऊरचे डोंगर आहेत, त्यामुळे घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी दुपारी गार वाऱ्याची फार वाट बघू नये. अशा दिवशी सकाळी साडेनऊ-दहाला पूर्वेच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि वारा फिरला की पश्चिमेच्या उघडायच्या. एप्रिलच्या मध्यापासून मात्र चित्र बदलतं, पारा ३४-३५ वरच राहतो पण हवा दमट होते आणि तेव्हा घर बंद करून बसलात तर आतल्या आत उकडाल, तेव्हा खिडक्या उघड्या, पंखे चालू आणि हवा आरपार जाऊ द्यायची. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडक्या तशाही अर्ध्याच उघडतात, म्हणून किचनचा एक्झॉस्ट फॅन संध्याकाळी तासभर चालू ठेवा, आतली गरम हवा बाहेर ओढली जाते आणि हॉलच्या खिडकीतून नवी आत येते, करून बघा, फरक पडतो.

कूलरबद्दल स्पष्टच सांगते, नागपूरच्या नातेवाईकांचं ऐकून वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर घेऊ नका. तो पाणी उडवून हवा गार करतो, आपल्या हवेत पाणी उडायला जागाच कुठे आहे, बंद खोलीत तर तासाभरात चादरीसुद्धा दमट लागतात. मार्चच्या कोरड्या दिवसांत खिडकी उघडी ठेवून थोडा चालतो, मे मध्ये नाही. माठाचंही तेच, तो पाझरतो आणि पाझरलेलं पाणी उडतं म्हणून आतलं गार होतं, म्हणून माठ किचनच्या कोपऱ्यात ठेवू नका, खिडकीत वाऱ्याच्या तोंडावर ठेवा, मे मध्ये तो फ्रिजसारखा गार करणार नाही पण पिण्यासारखं करतो. एसी असेल तर १८ वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा २६ वर लावा आणि वर पंखा दोनवर सोडा, जास्त दमट दिवशी ड्राय मोड लावून बघा, कारण त्रास मुळात वाफेचा आहे. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, खाडीच्या आणि हायवेच्या बाजूला धूळ फार बसते. रात्री लाईट गेली तर महावितरणचा नंबर १९१२, तक्रार नोंदवून नंबर घ्या, सोसायटीतल्या एकानेच फोन केला असेल असं समजून कोणीच करत नाही असं व्हायला नको.

पश्चिमेच्या भिंतीवाल्यांचे आणि टॉप फ्लोअरवाल्यांचे हाल सगळ्यात जास्त. आतून जाड पडदा लावून ऊन अडत नाही, काचेतून आत आलं की ते आतच राहिलं, बांबूची चटई किंवा हिरवं शेडनेट बाहेरून लावायला हवं, ग्रिल असेल तर सोपं आहे, सोसायटीला आधी विचारा. गच्चीवर रोज संध्याकाळी पाणी मारायचा उपाय जुना आहे पण उन्हाळ्यात पाणीकपात असते आणि ते पाणी वाया घालवणं मला पटत नाही, त्यापेक्षा गच्चीला पांढरा कूल रूफ पेंट किंवा नुसता चुना मारा, नवं काम निघणारच असेल तर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी). तेलंगणाने २०२३ मध्ये तर यासाठी कूल रूफ पॉलिसीच आणली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या, पार्किंगच्या भांडणांइतका वेळ तरी याला द्यायला हवा.

पिण्याचं फार काही अवघड नाहीये. घाम खूप जातो तेव्हा नुसतं पाणी नको, मीठ पण गेलेलं असतं, म्हणून ताकात मीठ-जिरं, कोकम सरबत, पन्हं. पन्ह्यात चिमूटभर मीठ विसरू नका, गूळ-वेलचीच्या नादात तेच राहून जातं. (बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ आणि पाणी दोन्ही डॉक्टरांना विचारून.) ओआरएसची पुडी अर्धी-अर्धी करू नका, पाकिटावर जेवढं लिहिलंय तेवढ्या पाण्यात पूर्ण पुडी घाला, मोठी पुडी १ लिटरची असते. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा, चमचे चहाचे. उसाचा रस घ्या पण बर्फाशिवाय. ताडगोळे मिळतात तोवर रोज खा, आपल्या पालघर-रायगडचं फळ आहे. घामोळ्यांवर पावडरचे थर देऊ नका, घामात भिजून त्याचा लगदा होतो, दोन वेळा साध्या पाण्याने अंघोळ आणि सैल सुती कपडे यानेच बसतात.

बाहेर जाणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. ठाणे-वाशी लोकल साधारण दक्षिणेला जाते, म्हणजे सकाळी जाताना ऊन डाव्या हाताला, आणि संध्याकाळी परत येताना पश्चिम पुन्हा डाव्याच हाताला येते, तेव्हा दोन्ही वेळेला उजवी खिडकी पकडा. बाईकवाल्यांनी तीन हात नाक्याच्या किंवा माजिवड्याच्या सिग्नलला फ्लायओव्हरच्या सावलीत दोन गाड्या मागे थांबलं तरी चालतं, पुढे जाऊन उन्हात उभं राहून काही मिळत नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानात सकाळपासून उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण गेले. त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता, म्हणजे काकांच्या हिशोबाने काहीच नाही. सावली नसली आणि घाम सुकत नसला की ३८ पण जीव घेतं. म्हणून लग्न, मिरवणूक, शाळेचा कार्यक्रम, काहीही असो, दुपारी उघड्यावर ठेवलाय आणि मंडप नाही तर आयोजकांना सरळ विचारा, म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. एपीएमसीतले माथाडी, रबाळे-महापेच्या पत्र्याच्या शेडमधले कामगार, आपल्याकडे पार्सल घेऊन येणारी मुलं, सोसायटीच्या पत्र्याच्या केबिनमधला वॉचमन, यांना एसी-पंख्याचे सल्ले उपयोगाचे नाहीत, त्यांना पाणी, सावली आणि दुपारी थोडी सुट्टी लागते, निदान वॉचमनच्या केबिनला एक पंखा आणि छपराला शेडनेट एवढं तरी सोसायटीने द्यायलाच पाहिजे.

कोणी उन्हात किंवा गरम शेडमध्ये बरळायला लागला, चालताना अडखळला, अंग चटका बसेल इतकं तापलंय तर उष्माघात समजा, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही असं नसतं, अंगमेहनत करणाऱ्याला घाम येत असतानाही होतो. १०८ ला फोन, सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉल देऊ नका, हा तो ताप नव्हे, गोळीने उतरत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही.

आता अवकाळी. मे मध्ये दुपारनंतर आभाळ भरून आलं, धूळ उडायला लागली की होर्डिंग, जुनं झाड, पत्र्याची शेड यापैकी कशाखालीही आडोसा घेऊ नका, १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून १७ जण गेले. वीज पडण्याचा इशारा मिळावा म्हणून मोबाईलमध्ये दामिनी ॲप ठेवा, शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर अर्धा तास गच्चीत किंवा मैदानात जाऊ नका. असा पाऊस पडून गेला की बाकी सगळे गार झालं म्हणतात, आपल्याकडे दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की उकाडा आणखी वाढतो, ओली जमीन वाफ सोडते, त्या दिवशी पाणी-मीठ नेहमीपेक्षा जास्त घ्या.

आणि मे महिना हाताशी आहे असं धरून कुठलंच काम मागे ठेवू नका. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून, २०२५ मध्ये तो २६ मे लाच आला आणि त्याआधीही मे मध्ये पाऊस चालूच होता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाईप आणि गटार साफ करणं, झाडांची छाटणी (पालिकेची परवानगी काढायलाच दिवस जातात) एप्रिल संपायच्या आत उरका. वाळवणं तर मार्चमध्येच, तेव्हाच हवा कोरडी असते, कुरडया दोन दिवसांत कडक होतात. मे च्या दमट हवेत त्या वरून वाळल्यासारख्या दिसतात आणि डब्यात बुरशी धरतात, मसाल्याच्या मिरच्या पण मार्चमध्येच उन्हं देऊन भरून ठेवा.