जुन्या टर्बाइन रोटरचा चिवटपणा छोट्या चकतीवरून कसा तपासावा

वाफेच्या टर्बाइनचा क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम पोलादाचा रोटर साधारण ३५० ते ५७५ अंश सेल्सिअस तापमानात वर्षानुवर्षे फिरला, की फॉस्फरससारखी अशुद्ध द्रव्ये कणसीमांवर (धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमांवर) साचतात आणि बाहेरून काहीही न दिसता पोलाद ठिसूळ होऊ लागते. नेहमीच्या शार्पी चाचणीला (यात खाच पाडलेला तुकडा लोलकाच्या आघाताने तोडतात) १० × १० × ५५ मिमीचे अनेक तुकडे लागतात, आणि तेवढा धातू कापून काढल्यावर रोटर पुन्हा चालवता येणार नाही. म्हणून ८ मिमी व्यासाच्या, ०.५ मिमी जाडीच्या चकत्यांवर स्मॉल पंच चाचणी करतात. युरोपात तिच्यासाठी २०२१ पासून ईएन १०३७१ हे मानक आहे.

नमुना पृष्ठभागावरून उथळ खरवडून घ्यावा, आणि शक्य असल्यास त्याच रोटरच्या थंड टोकाचाही घ्यावा, कारण मूळ पोलाद कसे होते याचा तेवढाच विश्वासार्ह पुरावा हाती असतो.

खरी कसोटी चकती तयार करण्यात आहे. वायर-कटने (विद्युत ठिणग्यांच्या तारेने) कापलेल्या तुकड्यावर वितळून पुन्हा गोठलेला कडक थर उरतो आणि तो राहिला तर तडा तिथूनच सुटतो. त्यामुळे चकती थोडी जाड कापून दोन्ही बाजूंनी पाण्याखाली घासावी, शेवटचा हात १२०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरचा द्यावा आणि जाडी चार-पाच ठिकाणी मायक्रोमीटरने मोजावी. ०.००५ मिमीहून अधिक फरक आढळल्यास ती चकती बाजूला ठेवावी.

चकती ४ मिमी भोकाच्या डायवर घट्ट धरून तिच्यात २.५ मिमी व्यासाचा गोलाकार पंच संथपणे दाबला जातो. खोलीच्या तापमानापासून द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत निरनिराळ्या तापमानांवर निदान दहा-बारा चकत्या फोडाव्यात, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चकतीच्या अगदी जवळ ठेवावे. चिवट चकती टोपीसारखी फुगून वर्तुळाकार फाटते. ठिसूळ चकतीवर मध्यातून चांदणीसारखे तडे जातात.

बल-विस्थापन आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे ऊर्जा. ती ज्या तापमानाला निम्म्यावर येते ते केल्विनमध्ये घ्यावे. शार्पीचे संक्रमण-तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पोलाद चिवटाचे ठिसूळ होते ते तापमान, त्याच्या सुमारे अडीचपट येते. मात्र यामुळे १० केल्विनची चूक २५ केल्विनची होते, शिवाय हे गुणोत्तर पोलादागणिक बदलते. म्हणून त्याच जातीच्या पोलादाची शार्पी आकडेवारी हाती नसेल, तर अहवालात संक्रमण-तापमान न लिहिता थंड टोकाच्या तुलनेत झालेला फरकच नोंदवावा.